घरी गेल्यावर उतरणारं डोकं

भाचीबाई, नोकरीचे पेढे पोचले आणि पाठोपाठ तुझी कुरकुरही पोचली. दुपारी तीनला डोकं जड होतं, डोळे चुरचुरतात, घसा कोरडा पडतो आणि संध्याकाळी बस हिंजवडीच्या बाहेर पडली की बरं वाटायला लागतं. तुझी आई म्हणते, झोप पुरत नसेल. तू म्हणतेस, मलाच काम झेपत नसेल. दोघीही जरा दमानं घ्या.

तुझी मावशी नोकरीभर प्रशासन विभागात होती. प्रशासन विभाग म्हणजे खुर्च्या, ट्यूबलाइट, एसी, गळके नळ आणि या सगळ्यांची तक्रारवही. ती वही माझ्या टेबलावर असायची. तिच्यातल्या बऱ्याच तक्रारी वस्तूंच्या नसायच्याच. दुखणं माणसाचं असायचं, नाव वस्तूचं लागायचं. ‘एसी नीट चालत नाही’ असं लिहिणाऱ्याला खोदून विचारलं की कळायचं, एसी उत्तम चालतोय, गृहस्थांची मान धरलीय. तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की आधी खोलीकडे बघ, मग स्वतःला बोल लाव.

१. आठवडाभर एक छोटी नोंद ठेव: डोकं कधी चढलं, तेव्हा कुठे बसली होतीस, कधी उतरलं — घरी गेल्यावर उतरणारं डोकं ऑफिसचं, घरीही न उतरणारं डॉक्टरांचं.

२. रविवारचा रकाना विसरू नकोस, खरी मेख तिथेच आहे — सुट्टीत तक्रार आपोआप पळते आणि सोमवारी दुपारी हजर होते, तेव्हा संशयित इमारत असते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८०च्या दशकातच याला ‘सिक बिल्डिंग सिंड्रोम’ म्हणून नोंदवलं, आणि नव्या किंवा नव्याने सजवलेल्या तीस टक्क्यांपर्यंत इमारतींमध्ये असं काही असू शकेल, असा अंदाज १९८४च्या अहवालात दिला.

३. शेजारच्या चार जणींनाही सहज विचार — एकीचं डोकं दुखलं तर ते तिचं, एकाच कोपऱ्यातल्या पाच जणींचं दुखलं तर ते छताचं.

आता हवेकडे येऊ. इथे जरा रेंगाळणार आहे, कारण ऑफिसातल्या माणसांना एसी म्हणजे हवा वाटते. एसी म्हणजे थंडावा. हवा वेगळी. आणि गंमत सांगू का, विलिस कॅरियरने १९०२ मध्ये पहिलं आधुनिक वातानुकूलन यंत्र आखलं ते माणसांसाठी नव्हतंच. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमटपणामुळे कागद फुगायचा, आक्रसायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. ते यंत्र कागदाच्या सोयीचं. माणसं त्याच्याखाली नंतर येऊन बसली.

४. तुझ्या खोलीत स्प्लिट एसी असेल तर दिवसातून चार-पाचदा दार-खिडकी काही मिनिटं सताड उघड — स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा फिरवून फिरवून गार करतो. हे अर्ध्या जगाला ठाऊक नाही, आणि उरलेल्या अर्ध्याला खिडकी उघडली की वीज वाया जाईल असं वाटतं.

५. सेंट्रल एसी असेल तर फॅसिलिटीवाल्यांना एकच प्रश्न विचार: ‘ताज्या हवेचा डॅम्पर उघडा आहे का?’ — बाहेरची गरम हवा आत घेऊन गार करायला वीज लागते, म्हणून बिल वाचवायला तो डॅम्पर, म्हणजे बाहेरच्या हवेची झडप, पहिल्यांदा बंद होतो आणि उन्हाळा सरला तरी उघडायचं कोणाच्या लक्षात राहत नाही.

६. मीटिंगची खोली लहान आणि माणसं जास्त असतील तर दर अर्ध्या तासाने कोणीतरी दार उघडायचं, आणि ते कोणीतरी तू हो — बाहेरच्या हवेत दहा लाख भागांत साधारण ४२० भाग कार्बन डायऑक्साइड असतो. दहा बाय बाराच्या बंद खोलीत आठ जण बसले की अर्ध्या तासात तो हजाराच्या बराच वर जातो. सगळे एकमेकांची उष्टी हवा घेत असतात आणि वर म्हणतात, आज कोणाला काही सुचतच नाहीये.

७. महत्त्वाचा निर्णय बंद खोलीतल्या दुसऱ्या तासात घेऊ नकोस — हार्वर्डच्या मंडळींनी अमेरिकेत सिरॅक्यूजला २४ कर्मचाऱ्यांना वेगवेगळ्या हवेत बसवून डोक्याचं काम करायला लावलं. भरपूर ताजी हवा मिळालेल्या दिवशीचे गुण नेहमीच्या ऑफिसी हवेपेक्षा सरासरीने दुपटीच्या आसपास निघाले. माणसं चोवीसच होती, हे मीही जाणते. पण तुझ्या मीटिंगमध्ये तर आठच असतात.

८. एसीचा फिल्टर शेवटचा कधी धुतला त्याची तारीख विचार, आणि ती कुठेतरी चिकटवून ठेवायला सांग — तारीख भिंतीवर लागली की फिल्टर वेळेवर धुतला जातो, वहीत राहिली की वहीच धुळीने भरते.

९. ऑफिस नवंकोरं असेल, रंग-प्लायवूड-गालिचाचा वास भपकन येत असेल, तर ‘नवीन वास’ म्हणून कौतुक करू नकोस — प्लायवूडच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड सुटतो, रंगातून आणि गालिच्यातून बाकीची रसायनं; पहिले काही आठवडे भरपूर हवा खेळवणं हाच उतारा.

१०. त्या वासावर रूम फ्रेशनर मारणाऱ्याचा हात धर — घाण तशीच राहते, वर आणखी एक रसायन येतं. दुर्गंधीवर अत्तर म्हणजे थकबाकीवर सही.

११. पेस्ट कंट्रोल शनिवारी झालं असेल तर सोमवारी सगळ्यांच्या आधी पोचून खिडक्या उघड, टेबल ओल्या फडक्याने पूस — फवारा झुरळांसाठी असतो, पण टेबलावर कोपर तू टेकतेस.

१२. लेझर प्रिंटर आणि झेरॉक्स मशीन तुझ्या खुर्चीला खेटून असेल तर गोड बोलून ते पॅसेजमध्ये हलव — चालताना त्यातून बारीक कण आणि थोडा ओझोन बाहेर पडतो. शिवाय मशीनजवळ बसणाऱ्याला सगळं ऑफिस कागद अडकला की हाक मारतं, तो त्रास वेगळाच.

१३. पावसाळ्यात ओल्या छत्र्या आणि बूट गालिच्यावर येऊ देऊ नका, दारात बादली आणि पायपुसणं हवंच — आपल्याकडच्या चार महिन्यांत गालिचा एकदा आतून भिजला की वाळत नाही, आणि बुरशीला तेवढंच हवं असतं.

१४. फॉल्स सीलिंगवर पिवळट-तपकिरी डाग दिसला तर त्याखाली बसू नकोस, आणि फक्त छताची टाइल बदलून घेण्यावर समाधान मानू नकोस — डाग म्हणजे वर पाणी गळतंय. डाग पुसला म्हणून गळती थांबत नाही.

१५. छतावर कूलिंग टॉवर असेल तर त्याच्या सफाईची नोंदवही आहे का, एवढं विचारून ठेव — १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात संमेलनाला जमलेले लोक न्यूमोनियाने पटापट आजारी पडले, तिसाच्या आसपास माणसं गेली. तो जिवाणू आधी कोणाला माहीत नव्हता, आणि संशयाची सुई हॉटेलच्या वातानुकूलनाच्या टॉवरकडे वळली. रोगाला नाव मिळालं लिजनेअर्स. विचारण्याला पैसे पडत नाहीत.

१६. कोपऱ्यात मनी प्लांट जरूर ठेव, पण हवा शुद्ध करायचं काम त्याच्या गळ्यात मारू नकोस — १९८९चा नासाचा प्रयोग छोट्याशा बंद पेटीतला होता. खऱ्या ऑफिसात तेवढा परिणाम हवा असेल तर माणसांना बसायला जागा उरणार नाही. झाडाकडे बघून डोळ्यांना बरं वाटतं, ते पुष्कळ आहे.

थंडीचं भांडण प्रत्येक ऑफिसात आहे. पुरुषमंडळी बाह्या दुमडून बसतात, बायका शाली गुंडाळून. तुला कोणी ‘फार नाजूक गं तू’ म्हणालं तर हसून सोडून देऊ नकोस, त्यालाही कारण आहे. ऑफिसचं तापमान ठरवायचं गणित १९६०च्या दशकात बसवलं गेलं, आणि त्यात शरीराची उष्णता धरली ती सत्तर किलोच्या, चाळिशीच्या एका पुरुषाची. डच संशोधकांनी २०१५ मध्ये हे उघड मांडलं. बसल्या जागी बाईचं शरीर सरासरीने त्याहून कमी उष्णता तयार करतं. म्हणजे नाजूक तू नाहीस, गणित जुनं आहे.

१७. थर्मोस्टॅट २४ अंशांवर ठेवायचा आग्रह धर — केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या नियमाने १ जानेवारी २०२० पासून घरगुती प्रकारचे एसी मुळातच २४ वर लावून येतात. ऑफिसातलं कोणी मुद्दाम १८ करतं, तेव्हा ते भांडण उगाच ओढवून घेतं.

१८. हे भांडण तब्येतीच्या नावाने करूच नकोस, बिलाच्या नावाने कर — तापमान एक अंश वर नेलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं तोच ब्यूरो सांगतो. अंग दुखलं तर एकटी ऐकते, बिल दुखलं तर अख्खा अकाउंट्स विभाग ऐकतो.

१९. झोत थेट मानेवर किंवा तोंडावर येत असेल तर खुर्ची दोन फूट सरकव, नाहीतर व्हेंटची पट्टी फिरवून घे — पुठ्ठा लावून व्हेंट बुजवू नकोस, तो झोत पुढच्या बिचाऱ्याच्या मानगुटीवर बसतो.

२०. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असशील तर ऑफिसला चष्मा बरा — एसीची हवा कोरडी, आणि स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या मिटायच्या विसरतो. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटणारी पापणी निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते.

२१. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघ — डोळ्याचा जवळ बघायचा स्नायू तेवढ्यात सैल होतो. साहेबांच्या केबिनकडे बघितलंस तरी चालेल, फक्त टक लावू नकोस.

२२. स्क्रीन खिडकीला काटकोनात लाव — खिडकी समोर असली की डोळे दिपतात, पाठीशी असली की स्क्रीनवर स्वतःचंच तोंड दिसतं.

२३. खिडकीजवळची जागा रिकामी होणार अशी कुणकुण लागली की लगेच अर्ज टाक, संकोच करू नकोस — २०१४ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात खिडकी असलेले कर्मचारी बिनखिडकीच्यांपेक्षा रात्री सरासरी ४६ मिनिटं जास्त झोपत असल्याचं दिसलं. शरीराचं घड्याळ दिवसाच्या उजेडावर चालतं. दिवसा उजेड, तर रात्री झोप.

२४. पण काचेतून येणाऱ्या उन्हावर ड जीवनसत्त्वाचा हिशेब मांडू नकोस — ज्या किरणांनी ते तयार होतं ते काच अडवते. डबा खाल्ल्यावर बाहेर पड. आपली सावली आपल्याहून आखूड असते तेव्हाचंच ऊन या कामाचं.

२५. रात्रपाळी लागली तर उलट कर: सकाळी घरी जाताना गॉगल, घरी जाड पडदा — उजेड डोळ्यात शिरला की शरीराला वाटतं दिवस सुरू झाला, आणि मग नुसतं पडून राहायचं, झोप यायची नाही.

खुर्चीबद्दल तुला लहानपणापासून सगळे सांगत आलेत, ‘ताठ बस’. मी ते म्हणणार नाही. सगळ्यात चांगली बैठक कोणती, तर पुढची. म्हणजे काय, तर बदलत राहणारी.

२६. पाय जमिनीला टेकतात का बघ; लोंबत असतील तर प्रिंटरच्या कागदाचा खोका पायाखाली घे — ऑफिसच्या खुर्च्या उंच माणसाच्या मापाने येतात, आणि आपल्या घराण्यात उंची कोणाला मिळालीय?

२७. लॅपटॉप पाचशे कागदांच्या दोन-तीन रीमांवर चढव आणि कीबोर्ड वेगळा माग — स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत आली की मान वर, कीबोर्ड कोपरांच्या रेषेत राहिला की मनगट सरळ. दोन्ही एकाच लॅपटॉपवर साधत नाही.

२८. रात्री अंगठ्याला आणि पहिल्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल तर बाम चोळत बसू नकोस, डॉक्टरांना दाखव — मनगटातली नस दबतेय. लवकर गेलं तर पट्ट्यावर भागतं, उशीर केला तर शस्त्रक्रियेपर्यंत जातं.

२९. पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेव — भरायला उठावं लागतं, आणि तो उठण्याचा फायदा पाण्याइतकाच. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या डबलडेकर बसवर दाखवलं, की दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त होता आणि जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी. बस तीच, रस्ता तोच, हवा तीच. मुंबईच्या जुन्या डबलडेकर २०२३ मध्ये निघून गेल्या, पण तुझ्या इमारतीतला जिना आहे ना जागेवर?

३०. स्वच्छतागृह घाण आहे म्हणून पाणी कमी पिऊ नकोस, हे तर तुला दटावूनच सांगते — बायका हे वर्षानुवर्षं करतात आणि मूत्रमार्गाचा संसर्ग घरी घेऊन येतात. स्वच्छतागृहाची तक्रार लिहिताना लाज वाटत असेल तर माझं नाव घाल, मला वाटत नाही.

३१. डबा टेबलावर खाऊ नकोस — कीबोर्डच्या फटीत शेवचिवडा साठतो, त्यावर मुंग्या आणि झुरळं येतात, आणि मग पेस्ट कंट्रोल. अकरावा कानमंत्र पुन्हा वाच.

३२. आकडेमोडीचं काम गप्पांच्या तासात काढू नकोस — पंख्याची घरघर मेंदू बाजूला सारतो. कळणाऱ्या भाषेतलं बोलणं सारता येत नाही, शेजारणीच्या सासूची कथा तर अजिबातच नाही.

३३. सर्दी-खोकला असेल तर घरून काम माग, नाही मिळालं तर मास्क लाव — एकाच फिरत्या हवेत सगळा मजला बसलेला असतो.

३४. आणि घरून काम मिळालं म्हणून बेडरूमचं दार लावून, एसी लावून, पलंगावर लॅपटॉप घेऊन बसू नकोस — चौथा आणि सत्ताविसावा कानमंत्र घरीही लागू आहेत. ऑफिसातली बुरशी निदान ऑफिस काढतं, घरची तुलाच काढावी लागेल.

३५. पहिल्याच आठवड्यात आगीच्या जिन्याने एकदा शेवटपर्यंत उतरून बघ — त्या जिन्यात जुन्या खुर्च्या आणि फायलींचे गठ्ठे ठेवायची सवय आपल्याकडे जाता जात नाही, आणि २१ जून २०१२ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा फायली किती झपाट्याने जळतात ते सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं.

आता एक गोष्ट माझ्याच सगळ्या उपदेशाला छेद देणारी. लंडनच्या सुमारे चार हजार सरकारी कर्मचाऱ्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. डोकेदुखी, चुरचुरणारे डोळे, थकवा यांचं मूळ हवेत किती आणि माणसांत किती, हे त्यांनी तपासलं. खोलीचा परिणाम सापडला, पण कामाचा ताण आणि पाठीशी कोणी नसणं यांचा त्याहून मोठा निघाला. म्हणून डॅम्पर उघडला, फिल्टर धुतला, खुर्ची बदलली आणि तरीही तीन वाजता डोकं धरतच असेल, तर एसीला शिव्या देणं थांबव आणि कामाचं बोल.

३६. आपल्या टेबलावरची एखादी गोष्ट आपल्या हातात ठेव: दिवा, पंखा, पडद्याची दोरी, काहीही — स्वतःच्या हाताने बदलता येणारी गैरसोय अंगाला कमी लागते. हे मी वहीवरून सांगते. ज्यांच्या भिंतीवर पंख्याचं बटण होतं, त्यांच्या तक्रारी मोजक्याच असायच्या.

३७. संध्याकाळी सातनंतर रोज थांबावं लागत असेल तर ते ‘सध्या’ म्हणून किती महिने चाललंय ते कॅलेंडरवर बघ — ऑफिसात ‘सध्या’ला निवृत्तीचं वय नसतं.

३८. तक्रार तोंडी करू नकोस, लेखी कर, आणि त्यात तारीख, वेळ, मजला, जागा आणि किती जणांना त्रास हे सगळं घाल — ‘सगळ्यांना त्रास होतो’ या तक्रारीला कोणी माणूस पाठवत नाही. ‘तिसरा मजला, पूर्वेची बाजू, तीन ते पाच, सात जण’ या तक्रारीला शिडी घेऊन माणूस येतो.

३९. उत्तर आलं नाही तर दुसऱ्या पत्रात नम्रपणे लिही, की दुकानं आणि आस्थापनांसाठीच्या महाराष्ट्राच्या २०१७च्या कायद्यात स्वच्छता, उजेड आणि खेळती हवा ही मालकाची जबाबदारी म्हटली आहे — धमकी म्हणून नव्हे, आठवण म्हणून. एकटीने सही करू नकोस, त्या सात जणांच्या घे.

४०. शिडी घेऊन आलेल्या माणसाला आधी चहा विचार, मग डॅम्परचं विचार — इमारतीच्या पोटात काय चाललंय हे त्याला जेवढं ठाऊक असतं तेवढं साहेबांना नसतं. आणि तो काय म्हणाला ते मला रविवारी फोन करून सांग.